बाळ बोलायच्या आधी स्पीच थेरपिस्ट कशाला?

‘ताई, पहिलं बाळंतपण म्हणून मी कराडजवळ माहेरी आले आहे. पस्तिसाव्या आठवड्यात मुलगा झाला, वजन २ किलो १०० ग्रॅम. आठ दिवस काचेच्या पेटीत होता. चौदाव्या दिवशी जन्माचं वजन भरून निघालं. आता पाच आठवड्यांचा आहे, काल २ किलो ४५० भरला. अंगावर घेतला की पाच मिनिटांत झोपतो, उठवत-उठवत तास जातो. पिताना टक्-टक् आवाज येतो. माझी स्तनाग्रं चिरली आहेत, तो तोंडात घेतो तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं. ते बाटलीने पाच मिनिटांत संपवतो, पण बरंच ओघळतं आणि ठसका लागतो. सासूबाई बाळाला बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, बाटलीचं कसं गटागटा पितो, तुझ्या अंगावर दूधच नाही. स्तनपान सल्लागार बाईंनी धरायची पद्धत दाखवली, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. नणंद म्हणते जीभ खाली चिकटली असेल, पुण्यात लेझरने सोडवतात. आणि आता डॉक्टर म्हणतात, स्पीच थेरपिस्टला दाखवा. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. माझं बाळ बोलणार नाही असं त्यांना वाटतंय का?
– तुमच्या मुलीसारखी, एक आई’

पत्राखाली ‘तुमच्या मुलीसारखी’ लिहिलंस, म्हणून अगं-तुगं करते.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते मिळाल्याशिवाय बाकीचं तुझ्या डोक्यात शिरणार नाही. नाही. डॉक्टरांनी बाळाच्या बोलण्याबद्दल काहीही म्हटलेलं नाही. स्पीच थेरपिस्ट हे आमचं नाव अर्धंच आहे. ओठ, जीभ, गाल, टाळू, घसा हे सगळं बोलायला लागतं, पण त्याच्या कितीतरी आधी ते चोखायला आणि गिळायला लागतं. त्यामुळे गिळण्याची अडचण असलेली माणसंही आमच्याकडेच येतात. पक्षाघात झालेल्या आजोबांना पाणी पिताना ठसका लागतो म्हणून आम्हाला बोलावतात, आणि तुझ्या लेकाला दूध पिताना लागतो म्हणूनही. तुझ्या डॉक्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. फक्त दोन वाक्यं जास्त बोलले असते तर तुझ्या इतक्या रात्री वाचल्या असत्या.

आता एक बेरीज कर. पस्तीस आठवड्यांना जन्मला, वर पाच आठवडे झाले. चाळीस. म्हणजे दिवस भरून आला असता तर तो या आठवड्यात जन्मला असता. घरातली सगळी त्याच्याकडे सव्वा महिन्याचं बाळ म्हणून बघतायत, आणि त्याचं तोंड मात्र आत्ता कुठे नऊ महिने पूर्ण करतंय.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका लयीत बसवणं नवजात बाळासाठी फार मोठं काम असतं. गिळताना श्वास थांबवावा लागतो, नाहीतर दूध भलत्या वाटेने जातं. ही लय साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जमायला लागते आणि पुढे कित्येक आठवडे पक्की होत राहते. तुझा मुलगा ती लय जेमतेम धरत असतानाच बाहेर आला. शिवाय शेवटच्या आठवड्यांत गालांच्या आत चरबीच्या गाद्या भरतात. त्यांच्या आधाराने बाळ तोंडात घट्ट पोकळी धरून ठेवतं. त्या त्याच्याकडे कमी होत्या. म्हणून पकड सुटते, फट पडून हवा आत शिरते, आणि तुला टक् ऐकू येतं. पकड सुटली की तो घसरून नुसतं टोक धरतो, म्हणून तुझी स्तनाग्रं चिरतात. नुसत्या टोकातून दूध फारसं येत नाही, म्हणून तो राबराब राबतो, थकतो आणि झोपतो. टक्-टक्, चिरा, झोप, कमी वजन, ही तू चार दुखणी म्हणून लिहिलीस. मला ती एकाच दोऱ्यातले मणी दिसतात.

वजनाचं बघू. चौदाव्या दिवसापासून एकवीस दिवसांत ३५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा. या वयात साधारण २० ते ३० ग्रॅम अपेक्षित असतात. म्हणजे कमी आहे, पण तो वाढतोय. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू केलं ते योग्यच केलं. माझं पत्र वाचून ते तडकाफडकी बंद करू नकोस, बाळाला पोटभर मिळणं पहिलं.

सासूबाईंचं वाक्य तुला लागलंय. त्या वाईटपणाने म्हणाल्या असतील असं मला वाटत नाही, नातवंड रोड दिसलं की आजीचा जीव खालीवर होतो. पण त्यांनी जे बघितलं त्याचा अर्थ उलटा लागला. बाटली तिरकी धरली की दूध आपोआप तोंडात पडतं. बाळाला चोखायचं काम नाही, फक्त गिळत सुटायचं. पुढच्या वेळी बाटली देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघ. भुवया वर गेल्यात का, कपाळावर आठ्या आहेत का, हाताची बोटं फाकलीत का, ओठांच्या कोपऱ्यातून धार लागलीय का, ठसक्याआधी श्वास धरल्यासारखा होतो का. हे सगळं दिसत असेल तर तो गटागटा पीत नाहीये, आलेला लोंढा कसाबसा थोपवतोय. बाटली पाच मिनिटांत संपते यावरून तुझ्या अंगावर दूध आहे की नाही हे ठरत नाही.

दूध किती उतरतं ते ठरतं किती काढलं जातं त्यावर. विहिरीचा उपसा चालू राहिला की झरे मोकळे राहतात, तसंच. हा उपसा करायचं काम बाळाचं, आणि तुझं बाळ अजून दमदार उपसा करू शकत नाही. म्हणजे आता थोडं कमी झालं असेलही, पण ते तुझ्यातल्या उणिवेने नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आई करत असेल तर खुशाल खा, बाळंतिणीला ताकद हवीच. पण नुसत्या खिरीने दूध वाढत नाही, स्तन रिकामा झाल्याने वाढतं.

आता मला या पत्रातून जे खरं सांगायचंय ते. तुला आत्तापर्यंत चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या, आणि प्रत्येकाने अर्धंच बघितलं. सल्लागार बाईंनी तुझा स्तन आणि धरण्याची पद्धत बघितली. डॉक्टरांनी काटा बघितला. नणंदेने जिभेचं ऐकलं. सासूबाईंनी बाटली बघितली. पण स्तनपान दोघांचं मिळून असतं, आणि ते दोघं एकमेकांना चिकटलेले असतानाच, एकाच पिण्याच्या वेळी बघावं लागतं. चार जणांची चार अर्धी उत्तरं आली की उरलेला दोष आई आपल्या पदरात घेते. तूही तेच केलंयस.

मी हे उशिरा शिकले. स्पीच थेरपी शिकून एका नवजात विभागात कामाला लागले तेव्हा माझं सगळं लक्ष बाळाच्या तोंडाकडे असायचं. एका बाळाला तपासलं. चोखणं बरं, गिळताना ठसका नाही, श्वास ठीक. कागदावर ‘बाटलीने सुरक्षित’ लिहिलं आणि पुढच्या पेटीकडे गेले. तीन आठवड्यांनी ती आई तपासणीला आली तेव्हा तिचा पान्हा आटला होता. मधल्या काळात हाताने किंवा पंपाने दूध काढत राहा हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. ती चिडली नाही, हळूच म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत.’ त्यानंतर मी स्तनपानाचं रीतसर शिक्षण घेतलं. तिचं ते वाक्य आजही तपासणीला बसताना माझ्या कानात असतं.

दोन्ही ज्ञानं एकत्र आली की काय होतं ते सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर तुला नवल वाटणार नाही. आधी बाळाला बारीक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवतात, पाजून झाल्यावर त्याच कपड्यांत, लंगोट न बदलता पुन्हा ठेवतात. फरक तेवढं दूध पोटात गेलं. घरातल्या सगळ्या अंदाजांना तिथे उत्तर मिळतं. मग हातमोजा घालून करंगळी बाळाच्या तोंडात देतात, बोटाचा मांसल भाग टाळूकडे. जीभ खालच्या हिरडीवर येते का, बोटाला पन्हळीसारखी गुंडाळते का, किती चोखण्यांनंतर दमते, हे बोटाला कळतं. टॉर्च लावून टाळू अगदी मागच्या मऊ भागापर्यंत बघतात. तिथली छोटी फट जन्मानंतरच्या पहिल्या तपासणीत कधीकधी सुटून जाते. दूध नाकातून येतं का, हे तू लिहिलं नाहीस. येत असेल तर हे आवर्जून सांग.

मग तुझी पाळी. गरोदरपणात स्तन भरले होते का, पूर्वी काही शस्त्रक्रिया, थायरॉइड, पान्हा फुटताना जाणवतं का, रात्री किती वेळा पाजतेस. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: तू बाळाला घेतेस आणि आम्ही गप्प बसून बघतो, ऐकतो. सुरुवातीला बाळ भराभर चोखतं, मग पान्हा फुटला की लय संथ आणि खोल होते, हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते, आणि एक हलकासा ‘क’ ऐकू येतो. तो घोट. एका-दोन चोखण्यांमागे एक घोट असं चाललं असेल तर तो पितोय. नुसती हनुवटी थरथरतेय आणि घोटच नाही, तर तो स्तनाशी झोपलाय. त्याने सोडल्यावर स्तनाग्र कसं दिसतं तेही बघतात. गोल असेल तर छान. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं, पांढरं पडलेलं असेल तर ते टाळू आणि जिभेच्या मध्ये चिमटलं जातंय. हे तू आजच घरी बघू शकतेस.

धरण्याबद्दल थोडं. सल्लागार बाईंनी दाखवलेलं चुकीचं नव्हतं, दोन दिवस बरं वाटलं हाच त्याचा पुरावा. पण एवढ्या अशक्त बाळाला नेहमीच्या मांडीवरच्या पद्धतीत डोकं सावरता येत नाही, ते घसरतं. त्याला उलट्या हाताने घेऊन बघ: डाव्या बाजूला पाजताना उजवा हात त्याच्या पाठीखाली, तळवा खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या खाली. डोक्याच्या मागून ढकलू नकोस, त्याने हनुवटी छातीला टेकते आणि गिळणं अवघड होतं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. (मान वळवून एक घोट पाणी पिऊन बघ, बाळाला काय होत असेल ते लगेच कळेल.) नाक स्तनाग्रासमोर, आ मोठा झाला की आधी हनुवटी स्तनाला टेकव आणि त्याला जवळ घे. तू वाकू नकोस. नीट धरलं असेल तर काळा भाग वरून जास्त दिसतो, खालून कमी. तो थांबला की स्तन हलकेच दाबून धर, एक-दोन घोट फुकटचे मिळतात आणि तो पुन्हा जागा होतो.

या आठवड्यापुरतं वेळापत्रक असं ठेव. दिवस-रात्र मिळून आठ वेळा तरी. अंगावर पंधरा-वीस मिनिटं, जोवर घोट ऐकू येतायत तोवरच. तासभर ताटकळायचं नाही, त्यात तो मिळालेल्या उष्मांकांपेक्षा जास्त खर्च करतो. नंतर वरचं दूध आईने द्यावं आणि तेवढ्या वेळात तू दहा-पंधरा मिनिटं दूध काढावंस. काढलेलं तुझं दूध पुढच्या वेळी आधी, डब्याचं नंतर. डॉक्टरांनी सांगितलेलं माप मात्र पूर्ण व्हायला हवं. आणि डॉक्टर वजन बघून पुढचं ठरवेपर्यंतच हे करायचं. कोणतीही बाई महिनोन् महिने असं पाजणं, वरचं देणं आणि काढणं हे तिन्ही ओढू शकत नाही.

बाटली द्यायचीच झाली तर संथ धारेचं निपल घ्या, बाळाला कुशीवर, डोकं थोडं उंच ठेवून, बाटली जवळपास आडवी. चार-पाच घोटांनंतर बाटली खाली करून श्वास घेऊ द्यायचा. तुझ्या आजीच्या काळातलं बोंडलं आठवतंय का? नवजात विभागांत त्याच्यासारखंच भांडं पलाडाई नावाने वापरतात. त्यानेही चालतं, पण ओठाला टेकवून बाळाला जिभेने ओढू द्यायचं, तोंडात ओतायचं नाही. आणि कोणी मधाचं बोट चाटवत असेल तर प्रेमाने हात धर. एक वर्षाच्या आत मध नको, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता जीभ. जिभेखालचा पडदा प्रत्येक माणसाला असतो. तो दिसतो म्हणून जीभ अडकलेली आहे असं होत नाही. जीभ काम करताना कुठे अडते का, ते बघायचं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली यावर सविस्तर अहवाल काढला, त्यातही आधी पाजण्याची नीट तपासणी आणि मदत, आणि तरीही खरोखर अडत असेल तरच पडदा सोडवणं, असंच सांगितलंय. तुझ्या लेकाची ताकद कमी आहे, आणि पडदा कापून ताकद येत नाही. नीट तपासणीत जीभ खरंच अडलेली निघाली तर बालशल्यविशारद किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ ती साध्या कात्रीनेही काही क्षणांत सोडवतात. पण ‘आत्ता कापलं नाही तर पुढे बोलणार नाही’ असं कोणी घाबरवलं तर त्यावर विश्वास ठेवू नकोस, त्याला चांगला आधार नाही. तपासणीआधी पुण्याची फेरी आणि तो खर्च करू नकोस.

काही गोष्टींसाठी मात्र माझी किंवा कोणाचीच वाट बघायची नाही. पिताना ओठ निळसर होणं, श्वास थांबणं, कपाळावर दरदरून घाम, ताप, बाळ मलूल होऊन पिणंच सोडणं, किंवा चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे, आणि निळं पडणं किंवा श्वास थांबणं असेल तर त्याच क्षणी. पाजताना येणारा घाम हृदयाशी संबंधित असू शकतो, म्हणून तो वेगळा लिहिला.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून जिल्हा पातळीवर लहान बाळांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे बाळाच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रं उभी राहिली, सगळे त्यांना डीईआयसी म्हणतात. तिथे स्पीच थेरपिस्टचं पद असतं. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. आशाताई बेचाळिसाव्या दिवशी घरी येतील, त्यांना आधीच फोन करून सांग, त्या चिठ्ठी आणि रस्ता दोन्ही दाखवतील. मुंबईला जाणं शक्य झालं तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, वाक् आणि श्रवण या क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था. खासगीत जाणार असशील तर स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना ते विचार, आणि दुसरं, त्याहून महत्त्वाचं: ‘तुम्ही नवजात बाळांच्या पाजण्याचं काम करता का?’ सगळे करत नाहीत, आणि प्रामाणिक माणूस तसं सांगतो.

दोन्ही शिकलेली एकच व्यक्ती तुझ्या भागात मिळेलच असं नाही. मग दोघींना जोडून दे. ज्या दिवशी थेरपिस्टकडे जाशील त्या दिवशी सल्लागार बाईंना व्हिडिओ कॉलवर घे आणि दोघींसमोर बाळाला पाज. तेही जमत नसेल तर आईला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांग. बाजूने काढायचा, बाळाचा कान, हनुवटी आणि गळा दिसला पाहिजे, आणि टीव्ही बंद, म्हणजे टक् आणि घोट दोन्ही ऐकू येतील. एक व्हिडिओ बाटलीचाही. तोच दोघींना दाखव आणि तुझ्यासमोर एकमेकींशी बोलायला लाव. तुला लाजायचं काही कारण नाही.

बोलण्याबद्दल तुला काळजी आहेच, तर तिचा एक उपयोग करून घेऊ. आठ दिवस पेटीत राहिलेल्या बाळाची ऐकण्याची तपासणी व्हायलाच हवी, आणि ती पहिल्या महिन्यातच होणं बरं. डिस्चार्जच्या कागदांत ओएई किंवा बेरा असं काही लिहिलंय का बघ. नसेल तर थेरपिस्टकडे जाशील त्याच दिवशी करून घे. बाळ झोपलेलं असताना कानात छोटं बोंड ठेवून होते, दुखत नाही.

चिरांवर पाजून झाल्यावर तुझंच दूध लावून सुकू दे. एका बाजूला असह्य होत असेल तर ती बाजू दिवसभर हाताने काढून रिकामी करत राहा, पण भरलेली ठेवू नकोस, गाठ होते.

येत्या शुक्रवारी वजन कर. त्याच काट्यावर, कपड्याशिवाय, पाजायच्या आधी. आकडा मला कळव. हात मोकळा नसेल तर बाकी काही लिहू नकोस, नुसता आकडा पाठव, मी समजेन.